दूरध्वनी केंद्रातील रिले: काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

स्वयंचलित दूरध्वनी केंद्राचा विषय निघाला की अमेरिकेतील कॅन्सस शहरात अंत्यविधीचा व्यवसाय करणारे आल्मन स्ट्राउजर यांचे नाव ओघानेच येते, आणि तबकडी फिरवून टेलिफोन लावण्याची रीतही त्यांनीच काढली असे बहुतेक जण गृहीत धरतात. वस्तुतः १८९१ साली त्यांना जे पेटंट मिळाले त्यात तबकडीचा मागमूसही नव्हता. ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना संस्थानातील ला पोर्ट या गावी त्यांच्या पद्धतीचे पहिले केंद्र सुरू झाले तेव्हाही ग्राहक कळा दाबूनच आकडे पाठवीत असत, आणि तबकडी आली ती १८९६ च्या सुमारास, त्यांच्या सहकाऱ्यांच्या परिश्रमांतून. अशा केंद्राचा आधार असलेला विद्युतचुंबकीय खटका, म्हणजे रिले, तर टेलिफोनहूनही वयाने वडील. तारायंत्राच्या चाकरीत तो आधीच मुरलेला होता.

तबकडी फिरविताना बोटाखाली आकडा 'जातो' हा समजही असाच निराधार आहे. आकडा जातो तो बोट काढल्यावर, तबकडी स्प्रिंगच्या जोराने मागे परतत असताना. आणि जातो म्हणजे काय, तर केंद्राकडून ग्राहकाच्या घरापर्यंत आलेला विद्युत्प्रवाह सेकंदाला सुमारे दहा या गतीने खंडित होतो, साताला सात वेळा, शून्याला दहा वेळा. यंत्रे हलविणारी सारी शक्ती केंद्रातील सुमारे ५० व्होल्टच्या बॅटरीची असते. ग्राहक केवळ खंड पाडतो.

रिले आवाज मोठा करून पुढे पाठवितो, असेही पुष्कळांना वाटते. मऊ लोखंडाचा गाभा, त्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, समोर लोखंडी आर्मेचर आणि त्याच्या हालचालीने जुळणाऱ्या वा सुटणाऱ्या संपर्कपट्ट्या, एवढाच त्याचा सरंजाम. संभाषण जाते ते जुळलेल्या संपर्कांतून. वेटोळ्याचे काम निर्णयाचे आहे, ध्वनिवर्धनाचे नव्हे.

परंतु सर्वांत खोलवर रुजलेला, आणि म्हणून विस्ताराने निरसन करण्याजोगा, गैरसमज हा की उत्तम रिले म्हणजे शीघ्र रिले. रिसीव्हर उचलताच पहिला रिले आर्मेचर ओढतो आणि आपल्या संपर्काने जोडणी धरून ठेवणाऱ्या दुसऱ्या रिलेस जागा करतो. मग आकडा येऊ लागला की प्रत्येक खंडाबरोबर पहिला सुटतो व पुन्हा ओढतो. दुसराही तितकाच चपळ असता तर प्रवाह थांबताच, म्हणजे सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागात, तोही सुटला असता, आणि ग्राहकाने रिसीव्हर खाली ठेवला असे समजून केंद्राने सारी जोडणी मोडून टाकली असती. म्हणून दुसऱ्या रिलेच्या गाभ्यावर तांब्याचे एक भरीव कडे बसविलेले असते. वेटोळ्यातील प्रवाह थांबला की मावळणारे चुंबकत्व त्या कड्यात प्रवाह उत्पन्न करते, आणि तो प्रवाह चुंबकत्वाला क्षणभर सावरून धरतो. हे कडे आर्मेचरच्या टोकाकडे असेल तर ओढणे व सोडणे दोन्ही मंदावते, उलट टोकाकडे असेल तर मुख्यतः सोडणेच. तिसरा रिले याच युक्तीने पहिल्या खंडापासून शेवटच्या खंडापर्यंत तग धरतो, दोन आकड्यांमधील विरामात सुटतो, आणि त्याचे सुटणे हाच 'आकडा पुरा झाला' असा यंत्राला मिळालेला हुकूम ठरतो. मग दहा ओळी चढून जाणारा आणि प्रत्येक ओळीत दहा जागा तपासणारा सिलेक्टर आपली पुढची चाल करतो. अल्प खंड म्हणजे आकड्याचा एक ठोका, दीर्घ खंड म्हणजे संभाषणाची समाप्ती, हा विवेक माणसाच्या मदतीवाचून निव्वळ लोखंड आणि तांबे यांच्याकडून करवून घेणे, ही माझ्या मते त्या काळच्या अभियांत्रिकीतील सर्वांत सुंदर तजवीज होय.

स्वयंचलित केंद्रात माणसांचे काम उरत नाही, हेही खरे नव्हे. जोडणी करणारे ऑपरेटर पुष्कळ कमी झाले, पण संपर्कांवरील धूळ काढणे, पट्ट्यांचा ताण व त्यांमधील अंतर मोजून बेताचे ठेवणे, झिजलेले भाग बदलणे यांसाठी कुशल तंत्रज्ञांचा ताफा नित्य हजर लागे. हिंदुस्थानात सिमल्यास १९१३–१४ साली पहिले स्वयंचलित केंद्र उभे राहिले, तेव्हापासून ही विद्या आपल्याकडेही मुरत गेली.

आणि संगणक आला तो रिलेच्या जगाशी काडीमोड घेऊन, हा समज तर इतिहासालाच धरून नाही. १९३७ साली क्लॉड शॅनन या तरुण विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात रिलेंच्या जोडण्या बुलियन बीजगणिताने मांडता येतात हे सिद्ध केले; आणि कोनराड झूझ यांनी १९४१ साली बर्लिनमध्ये पूर्ण केलेले, कार्यक्रमानुसार चालणारे झेड-३ हे गणनयंत्र दोन हजारांहून अधिक रिलेंवरच चालत होते.