मीटरच्या खोक्यातल्या माश्या

वहीतली पहिली नोंद 17 जानेवारी 2021ची आहे. ‘9.10ला पेटी उघडली. ठीक वाटतं.’ त्याखाली लगेच, ‘11.30ला पुन्हा उघडली.’ चार पावसाळ्यांनंतर ती पानं चाळताना मला मधमाश्यांचीच दया येते. कुणी दिवसातून दोनदा आपल्या घराचं छप्पर उचलून आत डोकावलं असतं, तर आपण तिथे किती दिवस टिकलो असतो?

माश्या विकत आणल्या नव्हत्या. सिल्वासात आमलीला आम्ही राहतो त्या इमारतीच्या जिन्याखाली विजेच्या मीटरचं जुनं लाकडी खोकं आहे. त्यात सातेरी मधमाश्यांनी घर केलं होतं. आग्या माशी उघड्यावर, उंच फांदीला लटकते. सातेरीला मात्र अंधार लागतो. ढोली, वारूळ, भिंतीतली पोकळी असं काहीही तिला चालतं, आणि म्हणूनच ती पेटीत राहते. शेजाऱ्यांचा बेत औषध मारायचा होता. कारखान्यात माझ्याच पाळीला असलेले खानवेलकडचे एक वारली काका म्हणाले, “मारू नका, मी काढून देतो.”

ते संध्याकाळी आले. हातात बारीक सुरी आणि केळीच्या सोपाच्या ओल्या पट्ट्या. एकेक पोळं मुळापासून कापायचं, चौकटीत उभं धरायचं आणि सोपानं बांधायचं. पाचव्या पोळ्यावर राणी दिसली, लांब पोटाची, काळपट. ती त्यांनी काड्यापेटीत घेतली, फट ठेवली आणि काड्यापेटी पेटीत ठेवली. “आता बाकीच्या चालत येतील.” आल्याही. दारापाशी काही माश्या पोट वर करून पंख फडफडवत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या वासावर बाकीची रांग आत शिरली. चार दिवसांनी दारात सोपाचा भुगा पडला होता. पोळं चौकटीला चिकटवून झाल्यावर माश्यांनी आमची बांधाबांध कुरतडून बाहेर टाकली होती.

पेटी मी फर्निचरवाल्या सुताराकडून करून घेतली होती. सुतारकाम सुबक होतं, पण मापं माझी होती आणि तिथेच घोळ झाला. चौकट आणि भिंत यांच्यात माशीला जेमतेम वावरता येईल एवढीच फट हवी, सातेरीला साधारण 8 मिलिमीटर. जास्त ठेवली की ती तिथे पोळं बांधते. अमेरिकेत लँगस्ट्रॉथला हे 1851 साली उमगलं आणि त्यावरच हलत्या चौकटींची पेटी उभी राहिली. मला ते मार्चमध्ये उमगलं, दोन चौकटी एकमेकींना आणि भिंतीला चिकटल्यावर. ओढून काढताना पिलाव्याची अख्खी ओंजळ तुटली.

जूनमध्ये पाऊस लागला. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आठ-आठ दिवस उघडीप नसते. माश्या चार चौकटी झाकतील एवढ्याच होत्या आणि मी हौसेनं आठ दिल्या होत्या. रिकाम्या पोळ्यांत मेणकिडा शिरला. 8 ऑगस्टची नोंद दोनच शब्दांची आहे, ‘पेटी रिकामी’. आत जाळी होती आणि अळ्या. मेलेल्या माश्या नव्हत्या. त्या निघून गेल्या होत्या. सातेरी चिडून चावण्यापेक्षा कंटाळून उठून जाते, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारी 2022मध्ये त्याच खोक्यात नवा थवा आला. जुन्या मेणाचा वास ओढत असणार. या वेळी मापं बरोबर होती, पण एप्रिलच्या उन्हात गच्चीवरची पेटी मी भर दुपारी पंधरा फूट सरकवून पाण्याच्या टाकीच्या सावलीत नेली. चारा घेऊन परतलेल्या माश्या रिकाम्या जागेवर, जिथे दार होतं नेमक्या त्याच उंचीला, हवेत घोटाळत राहिल्या. पेटी डोळ्यांसमोर होती. रोज दोन-तीन फूट सरकवायची असते.

त्याच वर्षी मे महिन्यात महाबळेश्वरजवळचं मांघर ‘मधाचं गाव’ जाहीर झालं आणि सुट्टी काढून मी ते बघून आलो. महाबळेश्वरला 1946पासून मध संचालनालय आहे. आपल्याकडचे बहुतेक मधपाळ तिथल्या हवेवर शिकले आणि आपली पुस्तकंही तिथल्या जांभूळ-हिरड्यावर लिहिली गेली. दमणगंगेच्या काठी, गिरण्यांच्या मधोमध त्याचा उपयोग निम्माच. इथलं पंचांग मलाच मांडावं लागलं. थंडीत शेवगा, मार्चअखेरीपासून करंज, कुंपणावरचा गुलाबी आइसक्रीम वेल जवळजवळ बारमाही, आणि पावसात काहीच नाही. (वर मधुबन नावाचं धरण आहे. नावापुरतंच.)

ऑक्टोबरमध्ये घाईनं मध काढला. अर्ध्या घरांवर मेणाचं झाकण आलेलं नव्हतं, म्हणजे त्यात पाणी होतं. तिसऱ्या आठवड्यात बरणीचं झाकण ‘टप्’ करून उडालं. बायकोनं तो मध वासावरूनच मोरीत ओतला.

2023मध्ये लिहिण्यासारखं फारसं घडलं नाही आणि तेच बरं झालं. जून लागताच रिकाम्या चौकटी काढून घेतल्या, पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या आणि साखरेचा पाक संध्याकाळी पेटीच्या आतच दिला. उघड्यावर ठेवला की दुसऱ्या माश्यांची लूट सुरू होते. मध मिळाला एक किलो चारशे ग्रॅम. त्यातली पहिली बाटली खानवेलला गेली.

2024च्या वहीत एकूण नऊ नोंदी आहेत. पेटी न उघडता दारापाशी बसलं तरी बरंच कळतं. उकाड्यात सातेरी डोकं बाहेर करून पंख हलवते आणि हवा आत ढकलते. परदेशी मेलिफेरा माशी डोकं आत करून उभी राहते. टिचकी मारली तर आतून एकाच वेळी ‘हिस्स’ आवाज उठतो. तो दमदार असला की मी चहा प्यायला परत जातो.

मीटरच्या खोक्याला झाकण लावायचं चार वर्षं राहिलंय. शेजारी दर दिवाळीला आठवण करतात, आणि मी दर दिवाळीला हो म्हणतो.