पक्का रंग आणि लाकूड खाणारी बुरशी

काचेच्या पेट्री डिशमध्ये निळाशार अगर ओतलेला असतो. त्यात मिसळलेल्या रंगाचं नाव रेमेझॉल ब्रिलियंट ब्लू आर. कापड रंगवण्यासाठीच तयार केलेला हा रंग. मधोमध बुरशीचा एक पांढरा ठिपका ठेवायचा आणि झाकण लावायचं. काही दिवसांत पांढरं जाळं चहूकडे पसरतं आणि त्याच्या खालचा निळा रंग नाहीसा होतो. जाळ्याच्या कडेला नीट पाहावं. बुरशीचा एकही तंतू अजून जिथे पोहोचलेला नाही, तिथलाही रंग उडालेला असतो. कोणती बुरशी कामाची आहे हे ओळखायला जगभरच्या प्रयोगशाळा ही साधी चाचणी वापरतात. रोजची असली तरी मला ती थक्क करते, कारण हा रंग काही केल्या उडू नये म्हणूनच माणसाने घडवलेला आहे.

१८५६ साली लंडनमध्ये १८ वर्षांचा विल्यम पर्किन कोळशाच्या डांबरातल्या द्रव्यांपासून क्विनाइन करायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. तिथून कृत्रिम रंगांचं युग सुरू झालं. बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ साली, आयसीआय या इंग्लिश कंपनीने ‘प्रोसिऑन’ नावाने वेगळ्याच जातीचे रंग बाजारात आणले. तोवरचे बरेच रंग सुती धाग्याला नुसते चिकटून राहत. हे नवे ‘रिॲक्टिव्ह’ रंग धाग्याशी रासायनिक बंध जोडतात, त्यामुळे ते धुऊन जात नाहीत. आज आपल्या अंगावरच्या रंगीत सुती कपड्यांपैकी बऱ्याचशांचा पक्केपणा या बंधातून येतो.

पण याच बंधात एक खोट आहे. रंगाचा रेणू जसा धाग्याशी जुळतो, तसाच तो पाण्याशीही जुळतो. एकदा पाण्याशी जुळला की त्याची धाग्याला धरायची जागा कायमची संपते आणि तो वाया जातो. त्यामुळे कुंडातला बराच रंग कापडावर न बसता सांडपाण्यात उतरतो. त्यातच पाण्यात सूत आणि रंग दोघांवरही ऋण भार असतो, म्हणजे ते एकमेकांना दूर लोटतात. त्यांना जवळ आणायला रंगारी कुंडात मीठ घालतात, गडद छटांसाठी लिटरला ८०–१०० ग्रॅमपर्यंत. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास असतं. गडद निळ्या शर्टाचं कुंड समुद्रापेक्षा दुपटीहून खारट असू शकतं. वर बंध जुळावा म्हणून सोडा. इचलकरंजी असो, तमिळनाडूतलं तिरुप्पूर असो की राजस्थानातलं पाली, जिथे जिथे कापडाचं प्रोसेसिंग चालतं तिथल्या पाण्याची दुखणी हीच: रंग, क्षार आणि सोडा. लिटरभर पाण्यात एखादा मिलिग्रॅम रंग असला तरी डोळ्यांना दिसतो. तो उजेड अडवतो आणि खालच्या शेवाळाचं, पाणवनस्पतींचं अन्न तयार होणं मंदावतं.

गावाचं सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणू इथे हतबल होतात. रंगाचे रेणू मोठे, भारित आणि त्यांच्या ओळखीबाहेरचे, त्यामुळे ते पेशीच्या आत सहज शिरतच नाहीत. प्राणवायू नसलेल्या जागी काही जिवाणू अझो जातीच्या रंगांचा मर्मबंध तोडतात. दोन नायट्रोजन अणूंमधला हा दुहेरी बंध तुटला की पाणी स्वच्छ दिसतं. पण तुटलेल्या अर्ध्या भागांतून ॲरोमॅटिक अमाइन उरतात, आणि त्यांतली काही, बेंझिडीनसारखी, कर्करोगाला कारण ठरलेली आहेत. अशा वेळी दिसायला निर्मळ पाणी रंगीत पाण्याहून घातक असू शकतं.

आता जंगलात जाऊ. पावसाळ्यात सह्याद्रीत पडलेला एखादा ओंडका फोडून पाहिला तर कधी कधी आतलं लाकूड पांढरंफटक, मऊ आणि तंतूतंतू झालेलं दिसतं. ही ‘पांढरी कुज’. लाकडाला ताठ ठेवणारा आणि त्याला तपकिरी छटा देणारा पदार्थ म्हणजे लिग्निन. तो बुरशीने काढून टाकला की मागे सेल्युलोजचे पांढरे धागे राहतात. लिग्निनला ठरावीक रचनाच नसते. त्यातली कडी कडीशी कशी जुळेल याला नियम नाही. एरवी विकरं, म्हणजे एन्झाइम, एका कुलपाची एक किल्ली असावी तशी नेमक्या रेणूवर बसतात. लिग्निनला असं नेमकं कुलूपच नाही, म्हणून त्याच्यापुढे जवळपास सगळी सजीवसृष्टी हात टेकते. पांढऱ्या कुजीच्या बुरशींनी मात्र किल्लीचा नादच सोडला. ही करामत सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीची असावी, असा अंदाज २०१२ साली बुरशींच्या जनुकसंचांच्या तुलनेतून निघाला.

काय आहे ही करामत? बुरशी आपली विकरं शरीराबाहेर सोडते. पेट्री डिशमध्ये तंतूंच्या पुढे पुढे रंग उडत जातो तो त्यामुळेच. १९८३ साली अमेरिकेत फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या बुरशीतून लिग्निन पेरॉक्सिडेज हे विकर हाती आलं. बुरशी स्वतःच थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते, आणि त्याच्या बळावर हे विकर समोरच्या रेणूतला एक इलेक्ट्रॉन खेचून घेतं. इलेक्ट्रॉन गमावलेला रेणू अस्थिर होतो आणि पुढे आपसूक तुटत जातो. समोर कोणता रेणू आहे याची फारशी चौकशी होत नाही. दुसरं विकर, मँगनीज पेरॉक्सिडेज, तर मँगनीजचे भारित अणू दूत म्हणून पाठवतं. विकराला शिरता येणार नाही अशा बारीक फटींत ते शिरतात. तिसरं लॅकेस. त्याच्या पोटात तांब्याचे चार अणू असतात. ते समोरच्या रेणूंकडून चार इलेक्ट्रॉन गोळा करून प्राणवायूला देतं, आणि त्या प्राणवायूचं पाणी होतं.

रंगाचे रेणूही लिग्निनसारखेच कार्बनच्या वलयांचे बनलेले. बुरशीने हे रंग कधी पाहिलेले नाहीत, त्यांच्यासाठी तिने काहीही तयार केलेलं नाही, तरी लाकडासाठी घडलेलं हत्यार त्यांच्यावरही चालतं. १९८३ सालीच फॅनेरोकीटने रंग उडवल्याचं प्रसिद्ध झालं. पुढे १९९० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञांनी एका अझो रंगाचा माग काढला. पेरॉक्सिडेजच्या वाटेने तो तुटला तेव्हा मर्मबंधातले दोन्ही नायट्रोजन अणू एकत्रच सुटून नायट्रोजन वायू झाले. तोच वायू, जो आपण प्रत्येक श्वासात घेतो आणि सोडतो. शिवाय रंगाच्या वलयांत किरणोत्सारी कार्बन गुंफून बुरशीला दिला, तर त्यातला काही कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. म्हणजे नुसता रंग जात नाही, रेणूचा सांगाडाच मोडतो.

मग कारखान्याच्या दारात बुरशीच्या टाक्या का दिसत नाहीत? बुरशीला आंबटसर पाणी आवडतं, हे पाणी सोड्याचं. तिला दिवस लागतात, कारखान्याचं पाणी तासातासाला वाहतं. निर्जंतुक न केलेल्या टाकीत भराभर वाढणारे जिवाणू तिला मागे टाकतात. आणि सगळ्यांत मोठा अडसर मिठाचा. मिठातलं क्लोराइड लॅकेसच्या कामात थेट आडवं येतं. गोड्या पाण्यात उत्तम चालणारी बुरशी खऱ्या सांडपाण्यात थंडावते ती बरेचदा यामुळे.

या अडसराचं जे उत्तर मला सर्वांत सुंदर वाटतं, ते गोव्यात शोधलं गेलं. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत चंद्रलता रघुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा विचारला: जी बुरशी मुळातच खाऱ्या पाण्यात राहते तिचं काय? प्रवाळांच्या खाजणातल्या कुजणाऱ्या समुद्रगवतावर त्यांना फ्लॅव्होडॉन फ्लेव्हस ही बुरशी सापडली. समुद्राच्या पाण्याच्या माध्यमातही ती लिग्निन तोडणारी विकरं सोडत होती आणि रंग उडवत होती. कुजक्या खारफुटीच्या लाकडावरच्या आणखी एका बुरशीला त्यांनी कापड, कागद आणि मळीपासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांचं रंगीत सांडपाणी दिलं. ती दबली तर नाहीच, उलट तिचं लॅकेस वाढलं. इथे क्षणभर थांबावंसं वाटतं. भरती-ओहोटीच्या चिखलात, खाऱ्या पाण्याखाली लाकूड कुजवताना जे अंगी बाणलं, ते रंगाऱ्याच्या कुंडाला नेमकं लागू पडतं.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही संजय गोविंदवार यांच्या गटाने वर्षानुवर्षं याच दुखण्यावर काम केलं. त्यांची एक वाट बुरशी आणि जिवाणू यांची जोडी लावण्याची होती, म्हणजे एकाने अर्धवट सोडलेला रेणू दुसऱ्याने उचलावा. अशा कामात पाणी रंगहीन झालं एवढ्यावर समाधान मानता येत नाही. काही वेळा रंग तुटण्याऐवजी बुरशीच्या जाळ्यात नुसता शोषला जातो. काही वेळा लॅकेस तुकडे पुन्हा एकमेकांना जोडतं. म्हणून उरलेल्या पाण्यात बी रुजतं का, रोप वाढतं का, हे तपासावंच लागतं.

वेळ आणि जिवाणूंच्या अडचणीवरचे उपाय मात्र आपल्या आवाक्यातले आहेत. घोसाळ्याच्या वाळक्या जाळीवर बुरशी वाढवली तर ती टाकीत टिकून राहते आणि पुन्हा पुन्हा वापरता येते. आणि धिंगरी अळंबी तर स्वतःच पांढऱ्या कुजीच्या कुळातली. शेतकरी ती भाताच्या पेंढ्यावर, गव्हाच्या काडावर घेतात आणि पीक काढून झालं की उरलेला पेंढा बहुधा खताच्या खड्ड्यात जातो. त्या पेंढ्यात लॅकेस शिल्लक असतं, आणि त्याचा अर्क रंग उडवतो हे प्रयोगांत दिसलेलं आहे. इचलकरंजीभोवतीच्या हातकणंगले-शिरोळच्या पट्ट्यात असा पेंढा आणि रंगीत पाणी एकमेकांपासून फार लांब नसतील. एखाद्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राने एक टाकी या प्रयोगासाठी बाजूला काढावी, असं मला फार वाटतं.