चेहऱ्याची कैफियत
(प्रकाशचित्रण-परिचय : लेखांक ७)

मागील दोन लेखांकांत भिंगांचे गुणधर्म आणि काचेवर प्रकाश किती वेळ पडू द्यावा याचा हिशेब आपण पाहिला. आता त्या यंत्रापुढे माणूस येऊन बसला म्हणजे त्याच्या मुखावर उजेड कोठून घ्यावा, पाठीमागे कोणता पडदा सोडावा आणि तयार झालेल्या काचेवर हातसफाई कितपत करावी, या तीन प्रश्नांकडे वळावयाचे आहे. आरंभ घरच्याच एका तक्रारीने करतो.

आमच्या माजघरात आजीची एक जुनी तसबीर टांगलेली असे. मागे रंगवलेला संगमरवरी खांब, त्यापलीकडे कोणते तरी विलायती सरोवर, शेजारी तिवईवर फुलदाणी, आणि मध्ये नऊवारी नेसून खुर्चीच्या अगदी कडेला अवघडून बसलेली आजी. तिच्या कपाळावर हिरवे गोंदण होते, गालांवर लहानपणी येऊन गेलेल्या देवींचे व्रण होते, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या होत्या. तसबिरीत यांपैकी काहीच नव्हते. “माझं गोंदणसुद्धा खाल्लंन की रे त्या फोटोवाल्यानं,” असे ती हसत म्हणे, आणि आम्ही नातवंडे त्या कधीही न पाहिलेल्या गृहस्थाला अपराधी ठरवून मोकळे होत असू. पुढे या विद्येचा थोडाफार परिचय झाल्यावर ध्यानात आले, की या खटल्यात आरोपी एकच नव्हता.

प्रथम उजेडाचा जबाब घेऊ. विजेचे दिवे येण्यापूर्वी स्टुडिओचा सारा व्यवहार सूर्याशी असे. युरोपात उत्तरेकडे तोंड करून काचेची तावदाने बसवीत, कारण तिकडे सूर्य दक्षिणेकडून फिरत असल्याने उत्तरेच्या आकाशातून दिवसभर सारखा, मवाळ उजेड मिळतो. हा कायदा आपल्या मुलुखात जसाच्या तसा लागू होत नाही. मुंबईच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास सूर्य थेट माथ्यावर येतो आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीसुद्धा किंचित उत्तरेसच असतो, त्यामुळे उत्तरेची खिडकीही त्या दिवसांत निर्धास्त नसते आणि तिला पांढऱ्या पातळ कापडाचा आडपडदा लावावा लागतो. हा आडपडदा केवळ ऊन अडवीत नाही, तो स्वतःच एक विशाल दिवा होतो. आणि प्रकाशाचे उगमस्थान चेहऱ्याच्या मानाने जितके विशाल तितकी सावलीची कड मऊ, जितके लहान तितकी ती सुरीच्या पात्यासारखी तीक्ष्ण, हा या कलेतील पहिला धडा होय. दुसरा धडा अंतराचा: दिवा लहान असेल तर तो दोन फुटांवरून चार फुटांवर नेताच उजेड निम्मा न राहता चौथाई होतो, म्हणून जवळच्या दिव्याने एक गाल उजळतो आणि दुसरा झपाट्याने अंधारात जातो. त्या अंधारलेल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण शिल्लक ठेवण्याची जी पद्धत आहे, तिला रेम्ब्रांट या डच चित्रकाराचे नाव मिळाले आहे. बाजूने आलेला उजेड त्वचेवरील प्रत्येक खळग्याला त्याची सावली देतो. समोरून आलेला तेच खळगे भरून काढतो. आजीच्या गालावरचे निम्मे व्रण अशा समोरच्या उजेडानेच बुजवले असतील.

पडद्याची साक्ष त्या मानाने थोडक्यात आटोपते. नाटकगृहातील दरबार, जंगल आणि राजमहाल यांच्या पडद्यांवर ज्यांची दृष्टी पोसली होती, त्या गिऱ्हाइकांना मागे खांब आणि सरोवर हवे असणे स्वाभाविक होते. परंतु आजीच्या तसबिरीत रंगाऱ्याने खांबाची उजवी बाजू उजळवलेली आहे आणि आजीचा मात्र डावा गाल, म्हणजे एकाच खोलीत दोन सूर्य उगवले आहेत. पॅरिसच्या नादार यांनी १८५० च्या दशकातच हा सारा सरंजाम दूर सारून साध्या, एकरंगी पडद्यापुढे आपल्या काळचे लेखक-कलावंत बसवले, आणि त्या चित्रांतून आजही केवळ माणूसच आपल्याशी बोलतो. साध्या पडद्यालाही मात्र विवेक लागतो: पांढरा फेटा पांढऱ्या पडद्यात विरघळतो, काळेभोर केस काळ्या पडद्यात बुडतात, आणि माणूस पडद्याला खेटून बसला तर त्याचीच सावली त्याच्या पाठीशी उभी राहते, म्हणून चार-पाच फूट अंतर राखावे.

आता काच. जुन्या काचेवरील रसायनाला निळा रंग दिसे, तांबडा मुळीच दिसत नसे. परिणामी गालावरची तांबूस पुटकुळी, जी डोळ्यांना जेमतेम जाणवते, ती चित्रात काळ्या डागासारखी उमटे. उलट निळसर-हिरवे गोंदण आसपासच्या त्वचेत विरून जाई. न्यूझीलंडमधील माओरी लोकांच्या चेहऱ्यांवरील ठसठशीत गोंदणही जुन्या ओल्या काचेवरच्या चित्रांतून असेच पुसट झालेले आढळते. सर्व रंग जाणणाऱ्या काचा लंडनजवळच्या क्रॉयडन येथील रॅटन आणि वेनराइट यांच्या कारखान्याने १९०६ साली बाजारात आणल्या. आजीची तसबीर त्याआधीची. तिचे गोंदण खाल्ले ते फोटोवाल्याने नव्हे, काचेने.

काचेच्या या आंधळेपणामुळेच रिटचिंगचा, म्हणजे काचेवरील दुरुस्तीचा, धंदा जन्मास आला. म्युनिकचे फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात हात फिरवलेले आणि न फिरवलेले चित्र शेजारी शेजारी मांडले, आणि तेव्हापासून गिऱ्हाइकाला पहिलेच हवे झाले. असे रिटचिंग करणाऱ्या एका कारागिराचे उतरते मेज मी जवळून पाहिले आहे. मध्ये चौकट, तीत काच, खाली उजेड वर फेकणारा आरसा. काचेवर टर्पेंटाइनमध्ये राळ विरघळवून केलेले पातळ रोगण चोळलेले, म्हणजे शिसे धरते. आणि हातात पॉलिश कागदावर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल. सुरकुती कागदावर काळी, म्हणून काचेवर ती पारदर्शक असते. त्या पारदर्शक रेषेत तो स्वल्पविरामाएवढे फटकारे एकेक करून भरीत जातो, रेषा भोवतालच्या भागाइतकी दाट झाली की कागदावर ती नाहीशी होते. एका गालाला तास लागतो, आणि हात एकदा चालू लागला म्हणजे कोठे थांबावे हे कळणे कठीण होऊन बसते.

नेमके हे थांबणे जिने साधले तिचा दाखला येथे द्यावासा वाटतो. १८१५ साली कलकत्त्यास जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंच्या हाती कॅमेरा आला तो ४८ व्या वर्षी. १८६७ साली त्यांनी सर जॉन हर्शेल या ज्योतिर्विदाचे चित्र घेतले. छायाचित्र टिकाऊ करणाऱ्या ‘हायपो’चा गुणधर्म प्रथम ज्यांनी शोधला तेच हे हर्शेल, वय ७५. अंधारी पार्श्वभूमी, अंगाभोवती काळे वस्त्र, एका बाजूने येणारा उजेड, आणि विस्कटलेल्या पांढऱ्या केसांखाली प्रत्येक सुरकुती जशीच्या तशी. काचेवरचे डाग आणि अस्पष्टता यांबद्दल त्या काळच्या जाणकारांनी बाईंना पुष्कळ बोल लावले. परंतु त्या डागाळलेल्या काचेतून एक सबंध आयुष्य आपल्याकडे पाहते, हे कोणालाही नाकारता येणार नाही.

तेव्हा निकाल असा. काचेने केलेली चूक दुरुस्त करणे हे रिटचिंगचे कर्तव्य. माणसाच्या आयुष्याने चेहऱ्यावर लिहिलेला मजकूर खोडणे हा त्याचा अतिक्रम. जे पंधरवड्यात आपसूक नाहीसे होणार, ती पुटकुळी, तो डास चावल्याचा डाग, ते खुशाल पुसावे; जे माणसाबरोबर अखेरपर्यंत राहणार, ते राखावे. या न्यायाने आमचा फोटोवाला गोंदणाच्या आरोपातून निर्दोष सुटतो, सुरकुत्यांच्या आरोपात दोषी ठरतो. पण शिक्षा सुनावण्यापूर्वी एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. तसबिरीच्या मागील पुठ्ठ्यावर आजोबांच्या मोडी हस्ताक्षरात एक ओळ आहे : व्रण दिसू नयेत. हुकूम घरचाच होता.

म्हणून वाचकांस विनंती एवढीच, की घरच्या वडीलधाऱ्या माणसाला घेऊन स्टुडिओत जाल तेव्हा काय पुसावे हे सांगण्याअगोदर काय राखावे हे सांगा, आणि ते त्या माणसालाच विचारून सांगा.