मानवशास्त्र शिकायचं म्हणजे काय करायचं?

बारावीनंतर मानवशास्त्र हा मुख्य विषय घ्यायचा म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, 'त्यात शिकवतात तरी काय?' प्रश्न रास्त आहे, आणि सोलापुरात त्याचं उत्तर शहराबाहेर न जाताही देता येतं.

विषयाच्या चार शाखा आहेत. जैविक मानवशास्त्रात हाडं, उत्क्रांती आणि आनुवंशिकता येते. पुरातत्त्वात जुन्या वस्त्या. भाषिक शाखेत बोलणारी माणसं. आणि सामाजिक-सांस्कृतिक शाखेत लग्न, नातीगोती, देवधर्म, कामधंदा. पहिल्या वर्षात चारींची तोंडओळख होते. खरी गंमत त्या एकमेकींत कशा अडकतात हे कळायला लागल्यावर येते.

उदाहरणादाखल आप्तसंबंधांचा तक्ता घ्या. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे वर्तुळ, लग्न म्हणजे बरोबरचं चिन्ह. भावंडांच्या डोक्यावरून आडवी रेघ, आईबाप आणि मुलांमध्ये उभी. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. तिथल्या एखाद्या घरी बसून आजीला विचारत विचारत हा तक्ता काढताना मामा-भाचीचं लग्न आलं, की पेन्सिल थांबते. पहिल्या ओळीत आजी, दुसऱ्या ओळीत तिचा मुलगा आणि मुलगी, तिसऱ्या ओळीत मुलीची मुलगी. आता तिसऱ्या ओळीतल्या या मुलीचं लग्न दुसऱ्या ओळीतल्या मामाशी लावायचं, म्हणजे बरोबरचं चिन्ह तिरपं काढावं लागतं. त्यांचं मूल बापाकडून मोजलं तर तिसऱ्या पिढीत येतं, आईकडून मोजलं तर चौथ्या. आणि नवरीची सासू कोण? तिची सख्खी आजी! सासरी जाणं म्हणजे काय, हा प्रश्न या घरात वेगळ्याच तऱ्हेने सुटलेला आहे, हे कागदावर दिसतं.

मग पलीकडच्या पेठेतल्या एखाद्या मराठी घरी जावं. तिथे मामाची मुलगी करणं मान्य असेल, पण मामा-भाचीचं लग्न म्हटल्यावर बहुधा कानाला हात लावतील. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतातल्या आप्तसंबंधांचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग पाडले आणि महाराष्ट्र मध्य विभागात ठेवला. दक्षिणेची रीत आणि आपली रीत जिथे शेजारी-शेजारी नांदतात, अशा गावात सोलापूरकर विद्यार्थी वाढलेला असतो. हाच तक्ता जैविक शाखेतही लागतो. आनुवंशिकतेच्या तासाला त्यावरून शिकवतात, की मामा-भाचीच्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता १/८ असते आणि मामे-आते भावंडांच्या अपत्यात १/१६. कागद एकच, पण एक शाखा विचारते की हे लग्न का जुळवलं, आणि दुसरी विचारते की त्याचा शरीरावर काय परिणाम होतो.

यानंतर येतं क्षेत्रकार्य, म्हणजे लोकांत जाऊन राहणं आणि नोंदी ठेवणं. पदवीच्या पातळीवर ते थोड्या आठवड्यांचं असतं. पहिले काही दिवस प्रश्नावली पिशवीतच ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. विडी वळणाऱ्या बाईला 'मासिक उत्पन्न किती?' असं विचारलं तर एक आकडा मिळेल. तिच्याशेजारी बसून राहिलं तर मांडीवरचं सूप दिसेल, भिजवून कापलेली तेंदूची पानं दिसतील, शाळेतून आलेली मुलगी दप्तर ठेवून दोरा गुंडाळायला बसते ते दिसेल. कारखान्यात माल दिल्यावर त्यातला काही छाट म्हणून बाजूला पडतो, त्यावरून झालेली बोलाचाली कानांवर येईल. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, शेजारणीशी दख्खनी किंवा कन्नड, हा बदल ती कुठल्या क्षणी करते, याचीही नोंद होईल. रोजच्या नोंदी त्याच रात्री लिहून काढायच्या, कारण दुसऱ्या दिवशी निम्मं विसरलेलं असतं.

या पद्धतीला सहभागी निरीक्षण म्हणतात. ब्रॉनिस्लाव मालिनोव्हस्की पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला, तेव्हापासून ती या शास्त्राची ओळखच झाली. आपल्याकडचं ठळक उदाहरण पंढरपूरच्या वाटेवरचं आहे. इरावतीबाई दिंडीबरोबर चालल्या. एका नामात रंगलेली माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगवेगळ्या पंगतींत बसतात, हे त्यांनी पाहिलं, त्यांना ते खुपलं, आणि त्यांनी ते लिहिलं. वारीवर प्रेम असूनही हे लिहिता येणं, ही माझ्या मते या शिक्षणाची सर्वांत अवघड पायरी आहे.

मोजमापाचा धडा त्याहून कडू आहे. प्रयोगशाळेत कॅलिपरने डोक्याची लांबी-रुंदी मोजायला शिकवतात. हीच साधनं एकेकाळी माणसांची प्रतवारी लावायला वापरली गेली. बर्लिनमध्ये डॉक्टरेट करताना इरावतीबाईंनी कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक तपासला आणि वंशश्रेष्ठत्वाला सोयीचा निष्कर्ष आकड्यांतून निघत नाही, असं आपल्या गुरूच्या मताविरुद्ध मांडलं. सोलापुरात तर प्रतवारीचा हा इतिहास शहराच्या नकाशावरच आहे. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत, झाली. तारेच्या कुंपणाआड माणसांची हजेरी घेतली जाई. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा संपला. ज्यांच्या आजोबांचं नाव सरकारी वहीत जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदलं गेलं, त्यांच्या दारात वही घेऊन जाणाऱ्याने आधी सांगायला हवं, की मी कोण, ही माहिती कशाला हवी आणि ती कुठे जाणार. समोरच्याने नाही म्हटलं तर वही मिटायची. अहवालात नावं बदलायची. अभ्यासक्रमात हा भाग संशोधनाची नीती म्हणून येतो. तो केवळ परीक्षेपुरता वाचला जातो, याचं मला वाईट वाटतं.

पुरातत्त्वासाठीही लांब जायला नको. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल इथे शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर हे नगर.

प्रवेशाचं म्हणाल, तर महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांत पदवीला हा स्वतंत्र विषय मिळत नाही. त्यामुळे समाजशास्त्र, इतिहास किंवा जीवशास्त्र घेऊन पदवी करायची आणि मग पुण्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागात जायचं, ही नेहमीची वाट. कर्नाटक जवळ असल्याने धारवाडचाही विचार करता येतो. विज्ञान आणि कला, दोन्ही बाजूंची मुलं या विषयाला येतात. पुढे भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, संग्रहालयं, आरोग्य आणि विकासाच्या क्षेत्रातल्या संस्था इथे कामं असतात. लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला वैकल्पिक विषय म्हणूनही पुष्कळ जण तो घेतात. पण जागा मोजक्या असतात, हे घरी आधीच सांगावं. प्रवेशाआधी विषय पटतोय का ते पाहायचं असेल, तर स्वतःच्याच घरातल्या चार पिढ्यांचा तक्ता काढायला घ्यावा. दोन बैठकी तरी लागतात, कारण पणजीच्या माहेरचं नाव पहिल्या बैठकीत सहसा कोणालाच आठवत नाही.