दोघांना मोबदला, बाकीच्यांची हौस

'डेबियन' हे नाव आपल्यापैकी थोड्यांनीच ऐकलं असेल. पण इंटरनेटवरचे कितीतरी सर्व्हर याच संगणक प्रणालीवर चालतात. इयन मरडॉक या विद्यार्थ्याने १९९३ मध्ये ती सुरू केली. जगभरातले शेकडो प्रोग्रॅमर ती घडवतात, आणि त्यातले बरेच जण नोकरी-घर सांभाळून, रात्री किंवा सुटीच्या दिवशी. प्रकल्पाकडून पगार कुणालाच नाही.

पण हौसेला तारीख पाळायची सवय नसते. जुलै २००२ मध्ये एक आवृत्ती निघाली, पुढची यायला जून २००५ उजाडला. त्यानंतरची तरी ४ डिसेंबर २००६ ला यावी, म्हणून तेव्हाचे प्रकल्पप्रमुख अँथनी टाउन्स आणि काही सहकाऱ्यांनी तोड काढली. बाहेरून देणग्या जमवायच्या आणि आवृत्तीची जबाबदारी असलेल्या दोघांना एकेक महिना पूर्णवेळ कामाचा मोबदला द्यायचा. ऐकायला किती साधं!

वादळ उठलं. १७ जणांनी विरोधाचं जाहीर निवेदन काढलं, काहींनी कामातून अंग काढून घेतलं. प्रमुखांना हटवण्याचा ठराव मतदानाला आला. तो फेटाळला गेला. आवृत्ती निघाली ८ एप्रिल २००७ ला, चार महिने उशिरा. उशीर पैशांमुळेच झाला असं मी म्हणणार नाही. सॉफ्टवेअर रखडायला कारणं हजार. पण पैशांनी तारीखही गाठून दिली नाही.

याला नुसता हेवा म्हणणं मला पटत नाही. समजा, लग्नघरी पोळ्या लाटायला दहा शेजारणी आल्या आणि यजमानांनी त्यातल्या दोघींच्याच हातावर पैसे ठेवले. उरलेल्या आठजणींचं काम क्षणापूर्वी प्रेमाचं होतं, आता ते फुकटचं झालं. शिवाय त्या दोघी निवडल्या कुणी, हा प्रश्न आलाच.

पैसे थोडे असले तर आणखी पंचाईत. युरी नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांचा इस्रायलमधला एक प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला. शाळकरी मुलं घरोघर देणग्या गोळा करत होती. काहींना जमलेल्या रकमेच्या १ टक्का, काहींना १० टक्के वेगळे मिळणार होते, काहींना काहीच नाही. सर्वांत जास्त रक्कम आणली ती काहीच न मिळणाऱ्या मुलांनी. सर्वांत कमी १ टक्कावाल्यांनी!

गंमत म्हणजे, डेबियनमध्ये पुढे पैसा आलाच. जुन्या आवृत्त्यांच्या सुरक्षेची डागडुजी हे कंटाळवाणं काम. हौसेने ते कोण करणार? २०१४ पासून त्यासाठी कंपन्या वर्गणी भरतात. प्रकल्पाबाहेरची एक संस्था ती गोळा करते, काम करणाऱ्यांना तासांप्रमाणे पैसे देते, आणि कुणी किती तास कशावर घालवले याचा हिशेब दर महिन्याला सगळ्यांसमोर मांडला जातो. या वेळी २००६ सारखं वादळ उठलं नाही.