पेरेंट्स मीटिंग? फक्त सही नको, बॉस!

शनिवारची सकाळ. ताई ऑफिसात अडकली, म्हणून भाच्याच्या पालकसभेला मी! मार्कांवर सही, फीवरून थोडी कुरकुर, चहा... वीस मिनिटांत सगळे पार्किंगमध्ये. बस्स, एवढंच?

मला आपल्या नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर) हिवरे बाजार आठवलं. पाऊस वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा लोक कामासाठी गाव सोडत होते. सुरुवातीलाच गावानं शाळा मनावर घेतली, श्रमदान केलं. सोबत कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आली. लग्नाआधी एचआयव्ही चाचणीचा नियमही झाला. आजही पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, मगच पिकं ठरतात. फंडा सोपा आहे : बापाची बाटली सुटली की पोराची वही येते, आणि विहिरीला पाणी असलं की पोराला शाळा सोडून आईबापामागे परगावी जावं लागत नाही.

‘ते गाव आहे, आम्ही काय करणार?’ असं म्हणताय? शिक्षणहक्क कायदा, २००९ वाचा. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक हवेत, निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा तीच समिती बनवते. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतोच.

पुढच्या मीटिंगला मी दोनच प्रश्न नेणार आहे. मैदानात सावली देणारी झाडं किती? आणि वर्गातल्या कुणाच्या घरी सध्या अडचण आहे?

ताईला सांगितलं, ‘पुढच्या वेळी तूही चल. सही मी करीन, प्रश्न तू विचार!’