खोके, टेम्पो आणि होडीवर सौर वीज : आधी हिशोब, मग खरेदी

कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमाजवळ वसलेल्या कुरुंदवाडच्या छोट्या व्यापाऱ्याला विजेचा प्रश्न दोन बाजूंनी भेडसावतो. पहिला प्रश्न रोजचा. ज्याचे पक्के दुकान नाही, जो खोक्यात किंवा गाड्यावर धंदा करतो, आज या गावच्या आठवडी बाजारात तर उद्या दुसऱ्या गावच्या उरसात टेम्पो उभा करतो, त्याला स्वतःचा मीटर मिळणे अवघड. तो शेजारच्या दुकानातून वायर ओढतो, नाहीतर जनरेटरमध्ये पेट्रोल ओततो. दुसरा प्रश्न पुराचा. २००५, २०१९ आणि २०२१ साली शिरोळ तालुक्याने महापूर सोसला. पाणी चढू लागले की सुरक्षेसाठी वीज बंद करावी लागते आणि पाणी ओसरल्यावरही ती लगेच येत नाही.

या दोन्ही प्रश्नांवर स्वतंत्र सौर संच हा चांगला तोडगा आहे. युरोप-अमेरिकेत लोक सुट्टीत फिरण्याच्या गाड्यांवर, रानातल्या लाकडी खोल्यांवर आणि बोटींवर अशी सोय करतात. तिथे जे मौजेसाठी, ते आपल्याकडे पोटासाठी कामाला येते. मात्र बाजारात "दोन पंखे, चार दिवे, सगळे चालेल" असे सांगून संच गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत. म्हणून आपल्या बंधूंनी पैसे मोजण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन हिशोब करावा.

हिशोब असा करावा

एका खोक्याचे उदाहरण घेऊ. ९ वॅटचे दोन एलईडी दिवे पाच तास : ९० वॅट-तास. २० वॅटचा बॅटरीवर चालणारा पंखा आठ तास : १६० वॅट-तास. चार मोबाइलचे चार्जिंग : सुमारे ६०. एकूण ३१०. वायर, बॅटरी वगैरेत होणारी घट धरून रोजची गरज ४०० वॅट-तास समजावी.

आपल्याकडे स्वच्छ हवेत दिवसाला निदान चार तास पूर्ण उन्हाइतकी वीज धरता येते. म्हणजे १०० वॅटचे पॅनेल पुरेल. परंतु पावसाळ्यात उत्पादन निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. ज्याला बारमाही धंदा करायचा आहे त्याने २०० वॅट घ्यावे आणि दाट ढगांच्या दिवसांत पंखा बंद ठेवून दिव्यांवर भागवावे.

शिंप्याच्या मशीनची १०० वॅटची मोटर प्रत्यक्ष चार तास फिरली तर आणखी ४०० वॅट-तास लागतात, तेवढा संच वाढवावा. इस्त्रीचा मात्र नाद सोडावा. हजार वॅटची इस्त्री एका तासात खोक्याच्या अडीच दिवसांची वीज खाते. ती गॅसवर किंवा कोळशावरच बरी.

बॅटरी : पुराचा विचार इथेच करावा

दोन दिवस ऊन नसले तरी चालावे असे धरले तर ८०० वॅट-तास साठवावे लागतात. शिशाची (लेड-ॲसिड) बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर खराब होते, म्हणून १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची घ्यावी लागते. तिचे वजन पन्नास किलोहून अधिक. लिथियम फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, त्यामुळे ८० अँपिअर-तासाची पुरते आणि वजन दहा-बारा किलो भरते.

शिशाची बॅटरी घेताना स्वस्त पडते, पण तिला डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते, हवेशीर जागा लागते आणि तीन ते पाच वर्षांत ती बदलावी लागते. लिथियम महाग, पण दोन हजारांहून अधिक वेळा भरता येते. ज्याचे खोके पूररेषेत आहे त्याच्यासाठी आणखी एक गोष्ट मोलाची : पाणी येतेय म्हटल्यावर ती काखेत मारून माळ्यावर नेता येते. म्हणून पॅनेलही कायमचे जखडू नये, नटबोल्ट काढून पाच मिनिटांत सुटेल असे बसवावे. संच आपल्याबरोबर उंचावर गेला तर पुराच्या दिवसांत घरातले दिवे आणि मोबाइल त्यावरच चालतील.

पॅनेल आणि वायर

खरे १०० वॅटचे पॅनेल साधारण अर्ध्या चौरस मीटरचे असते. त्याहून बरेच लहान असून कोणी १०० वॅट सांगत असेल तर समजून जावे. मागच्या पट्टीवर वॅट, व्होल्ट आणि भारतीय मानक ब्युरोची नोंद पाहावी. ५००-५५० वॅटची मोठी पॅनेल वॅटमागे स्वस्त पडतात, पण त्यांचा दाब ४० व्होल्टच्या आसपास असतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला ती जोडायची तर एमपीपीटी जातीचा चार्ज कंट्रोलरच लागतो, साधा चालत नाही.

पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि उतार सुमारे १७ अंश ठेवावा. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर झाडाची किंवा फलकाची सावली पडली तरी वीज निम्मी होऊ शकते.

सर्वांत जास्त चूक वायरीत होते. १२ व्होल्टवर तेवढ्याच कामाला घरच्या विजेच्या जवळजवळ वीसपट करंट लागतो. १० अँपिअर करंट दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीतून पाच मीटर नेला तर दहा टक्के दाब वाटेतच जातो. चार चौरस मिलिमीटरची वायर वापरली की ही घट चार टक्क्यांवर येते. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज हवाच. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट क्रम.

टेम्पो आणि होडी

टेम्पोच्या टपावर पॅनेल बसवताना खाली हवा खेळेल एवढी फट ठेवावी. तापलेले पॅनेल कमी वीज देते. धंद्याची बॅटरी गाडीच्या बॅटरीपासून वेगळी ठेवावी, नाहीतर रात्री दिवे जळतील आणि सकाळी गाडी सुरू होणार नाही.

नृसिंहवाडीच्या घाटावरच्या होडीसाठी दिवे, कर्णा आणि पाणी उपसण्याचा छोटा पंप एवढे काम एक-दोन पॅनेलवर होते. होडी ढकलण्याचे काम निराळे. केरळात वैकम ते तवणक्कडव या मार्गावर जानेवारी २०१७ पासून 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सौर बोट चालू झाली. तिच्या छपरावर २० किलोवॅटची पॅनेल आहेत, तरीही तिच्या बॅटऱ्या किनाऱ्यावरच्या विजेवरही भरल्या जातात. म्हणून दोन पॅनेलवर इंजिन चालवून दाखवतो म्हणणाऱ्यापासून सावध राहावे. कोकणातल्या बंधूंनी खाऱ्या हवेसाठी कलई केलेली वायर आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट घ्यावेत.

सवलत आणि रोजगार

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना घरांच्या छतावरच्या, महावितरणच्या लाइनला जोडलेल्या संचांसाठी आहे. खोक्याला किंवा टेम्पोला तिचे अनुदान मिळत नाही. तसे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्याला थारा देऊ नये. पॅनेलवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय माल उचलू नये.

आपल्या समाजातील वायरमन, वेल्डर आणि गॅरेजवाल्या तरुणांसाठी यात नवे कामही आहे. सुटे होणारे स्टँड बनवणे, योग्य जाडीची वायर टाकणे, जुनी बॅटरी तपासणे ही कामे आपल्या गल्लीत होऊ शकतात. एखाद्याने पहिला संच स्वतःच्याच दुकानावर बसवून वर्षभर, विशेषतः एक पावसाळा, चालवून दाखवावा. त्याहून मोठी जाहिरात लागणार नाही.